प्लेटमागचा स्क्रू

मी डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. एसी आणि वायरिंग आमच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांकडे असतं. त्यामुळे ती स्पोर्ट्स कार माझ्याकडे आली तेव्हा काम सरळ वाटत होतं. पुढची नंबर प्लेट काढायची, तिच्या चार स्क्रूंची भोकं बुजवायची आणि बंपर पुन्हा कोरा करून द्यायचा. मॅडमनी गाडी सेकंडहँड घेतली होती. प्लेट आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी थेट बंपरला स्क्रू मारून बसवलेली. "एवढ्या सुंदर नाकावर ही फळी ठोकल्यासारखी दिसते. मला पुढे प्लेटच नको," त्या म्हणाल्या. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एसीचा गॅस टिकत नाही. दुसरीकडे दोनदा भरून घेतला, थोडे दिवस गार हवा येते, मग परत तेच. मी ते जॉब कार्डवर लिहून घेतलं.

प्लेट काढायच्या आधी मी ती नीट बघतो, ही माझी सवय आहे. काढल्यावर पुरावा जातो. ही प्लेट खालच्या काठाला किंचित आत वळली होती, आणि खालच्या दोन स्क्रूंची डोकी प्लास्टिकच्या फ्रेममध्ये रुतली होती. वरचे दोन स्क्रू मात्र जसेच्या तसे. म्हणजे कधीतरी खालून काहीतरी टेकलं होतं. पार्किंगमधला खांब असेल, नाहीतर दुसऱ्या गाडीचा टो हुक, म्हणजे गाडी ओढायचा आकडा. बंपरवर ओरखडा नव्हता, चेपही नव्हता. प्लास्टिकच्या बंपरचा हाच गुण आणि हाच धोका. पत्रा चेपला तर चेपलेला राहतो आणि सांगतो. प्लास्टिक दाबलं जातं, परत जागेवर येतं आणि काहीच झालं नाही असा चेहरा करतं.

स्क्रू गंजलेले होते. पहिला हाताने फिरला. खालचा उजवा बाहेर येईचना म्हणून हलक्या हाताने, पाव-पाव वळसा मागेपुढे करत काढला. बाहेर आला तो माझ्या तर्जनीच्या दोन पेरांएवढा लांब. बंपरची भिंत तीनेक मिलिमीटरची. प्लेट आणि फ्रेम धरली तरी त्याचा बराच भाग आत मोकळा उभा होता. आणि टोकाला तेलकट, काळसर मळ चिकटला होता. बंपरच्या मागच्या पोकळीत तेल असायचं कारण नाही.

तिथे मी थांबलो. भोकं बाहेरून बुजवून, रंग मारून गाडी दोन दिवसांत देता आली असती. मॅडमना फोन केला आणि सांगितलं, पूर्ण बंपर उतरवायचा आहे, आत काहीतरी आहे. त्यांनी लगेच होकार दिला. मला त्याचं बरं वाटलं, कारण बरेच लोक या टप्प्यावर "कशाला उघडताय" म्हणतात.

स्पोर्ट्स कारचा बंपर उतरवणं हे सबुरीचं काम. चाकाच्या कमानीतले अस्तर सोडायचे, खालचे बोल्ट, वरच्या क्लिपा, मग दोन्ही टोकांना मडगार्डजवळच्या खाचेतून तो बाहेर ओढायचा. घाई केली तर नेमका तिथला पकडीचा कान तुटतो. पार्किंग सेन्सरचा प्लग सोडल्याशिवाय ओढायचं नाही. माझ्यासोबतचा पोरगा नवा आहे. त्याला म्हटलं, "तू डावीकडे धर, मी सांगेपर्यंत खेचू नकोस." "हो काका," म्हणाला आणि खरंच श्वास धरून उभा राहिला. बंपर आम्ही दोघांनी उचलून गोधडी घातलेल्या स्टँडवर उलटा ठेवला. आतल्या बाजूला प्लास्टिकची जात कोरलेली असते. इथे पीपी आणि ईपीडीएम, म्हणजे रबर मिसळलेलं पॉलिप्रोपिलिन. हे आधी वाचायचं असतं, कारण या प्लास्टिकवर साधी पुट्टी किंवा रंग नुसता धरत नाही, आधी अ‍ॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा थर, मारावा लागतो. नाहीतर काही महिन्यांत भोकाच्या जागी गोल पोपडा उठतो.

वरच्या दोन स्क्रूंसमोर धडक झेलणाऱ्या आडव्या बीमचा फोम होता. तिथे फक्त दोन बारीक टोचे पडलेले. खालच्या दोघांसमोर मात्र बीम संपला होता आणि थेट एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी जाळी होती, तिच्या मागे इंजिनाचं पाणी गार करणारा रेडिएटर. या गाडीत दोन्ही पुढे झुकवून बसवलेले आहेत, त्यामुळे वरचा काठ बंपरच्या अगदी जवळ येतो. नेमक्या त्या काठावर, उजव्या स्क्रूच्या समोर, पंख्यांसारख्या बारीक पात्यांमध्ये हाताच्या तळव्याएवढा ओलसर डाग. धूळ बसून त्याचा काळा थर झालेला. आमच्या एसीच्या मिस्त्रींना हाक मारली. आधीच्या कुणीतरी गॅसबरोबर गळती शोधायचा रंग टाकला होता, पण बंपर उघडून कुणी पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी निळा दिवा लावला आणि तो डाग पिवळ्या-हिरव्या उजेडात पेटल्यासारखा झाला. मधोमध ट्यूबवर एक टोच. पेन्सिलच्या टोकाने पाडल्याएवढी.

कंडेन्सरच्या चपट्या ट्यूबची भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, आणि एसी चालू असताना आतला दाब दहा बारच्या, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दहापटीच्या, वर सहज जातो. स्क्रू मारला त्या दिवशी टोक कंडेन्सरला लागलं नसणार. बोटभर अंतर होतं. नंतर कधीतरी कुठेतरी बंपर हलकाच दाबला गेला, स्क्रूने जाऊन टोचलं आणि बंपर परत आला. बाहेर कुठे निशाणी नाही. आत मात्र गॅस हळूहळू निघून जात राहिला. सारखा गॅस भरणाऱ्यांनी त्याचं कारण शोधलं नाही याचा मला राग आला, आणि अजूनही येतो. डाव्या स्क्रूने ट्यूब वाचवली, फक्त पाती वाकवली होती. तो जरा आणखी लांब असता किंवा टक्कर जरा जोरात बसली असती, तर मागचा रेडिएटर फुटला असता. या गाडीचं इंजिन सीटांच्या मागे आहे, तिचं पाणी लांब पाइपांतून पुढे येतं. ते रस्त्यात सांडलं म्हणजे काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

संध्याकाळी मॅडम आल्या. मी त्यांना स्टँडजवळ नेऊन स्क्रू, भोक आणि डाग तिन्ही दाखवले. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी प्लेट दिसायला वाईट आहे म्हणत होते, आणि ती आतून गाडीच फोडत होती." कंडेन्सर बदलायचा, सोबत गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर बदलायचा, व्हॅक्यूम धरून मोजून गॅस भरायचा, हे मिस्त्रींनी ठरवलं. अशी ट्यूब चिकटवून चालवायला ते तयार नव्हते आणि मीही तसं कधी सुचवणार नाही.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला. प्लेटचं काय? "नकोच," हा त्यांचा हट्ट. मी स्पष्ट सांगितलं की आमच्या इथे पुढची प्लेट कायद्याने लागते, आणि ती न लावता गाडी मी बाहेर काढणार नाही. नियम सगळीकडे सारखे नाहीत, हे खरं. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहे. ओहायोने 2020 मध्ये पुढची प्लेट रद्द केली. म्हणून इंटरनेटवरच्या फोटोंत गाड्यांची नाकं कोरी दिसतात आणि लोकांना वाटतं आपणही तसं करावं. अपघात करून पळालेली गाडी ओळखायची तर पुढच्या नंबरची गरज पडते. ज्याला हे पटतं त्याला नुसता दंडाचा धाक दाखवावा लागत नाही. त्यांना पटलं.

मग त्यांनी फोनवर एक फोटो दाखवला. टो हुकच्या भोकात आट्यांवर दांडा फिरवून प्लेट एका बाजूला लावलेली. ही पद्धत वाईट नाही, भोक पाडावं लागत नाही. आणि बाजूची प्लेट ही काही नुसती हौशी लोकांची टूम नाही. अल्फा रोमिओच्या जुलिया आणि स्टेल्व्हियोला तिकोनी जाळीला जागा द्यायची म्हणून प्लेट कंपनीच बाजूला बसवते. जॅग्वार ई-टाइपच्या मालकांनी तर नाकावर नंबर चिकटवूनच भागवलं. पण दांड्याच्या टोकावर प्लेट म्हणजे वाऱ्यासमोर धरलेली फळी, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. युरोपियन प्लेट 520 बाय 110 मिलिमीटरची असते. तिच्यावर ताशी 100 किलोमीटरला पावणेतीन किलोच्या आसपास जोर येतो, आणि 200 ला तोच चौपट, दहा-अकरा किलो. या गाडीला तो वेग अवघड नाही, आणि मॅडम ती ट्रॅकवर नेतात. सांध्याशी ढिलाई असेल तर प्लेट थरथरत राहते, दांडा सैल होतो. काही गाड्यांत हुकचे आटे उलटे असतात, तिथे नेहमीच्या सवयीने घट्ट करायला गेलं की तो सैलच होतो. शिवाय गाडी बंद पडून ओढायची वेळ आली की आधी प्लेट काढावी लागते.

मी त्यांना आतली बाजू दाखवली. बंपरच्या मागे, बीमच्या फोमसमोर, कारखान्याने दोन खळगे ठेवलेले होते. ते कंपनीच्या ब्रॅकेटसाठीच असतात. बाहेरून दिसत नाहीत, म्हणून घाईतला माणूस बाहेरून टेप धरून अंदाजाने भोक पाडतो. ते लांब स्क्रू मारणाऱ्यानेही तेच केलं असणार.

असं ठरलं: जुनी चारही भोकं बुजवायची, बंपर पूर्ण रंगवायचा, आणि कंपनीचं ब्रॅकेट त्या दोन खळग्यांवर लावायचं. भोकं मी दोन्ही बाजूंनी निमुळती घासली, आतून जाळी लावली, लवचिक दोन-भागी फिलर भरला, सुकल्यावर घासून प्रमोटर, प्रायमर, मेटॅलिक रंग आणि वरून पारदर्शक क्लिअर. प्लेटच्या फ्रेमने घासून रंगावर चौकोनी निस्तेज पट्टा पडला होता, तोही त्यात गेला. फ्रेम आणि रंग यांच्यात वाळू अडकते आणि ती गाडी चालेल तितका वेळ घासत राहते. म्हणून नव्या ब्रॅकेटच्या मागे मी मऊ पट्टी लावली.

रंग चढण्याआधी एक गोष्ट मुद्दाम तपासली. पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलचा रडार तोंडाच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या भागाच्या, खालच्या जाळीमागे आहे. रडारला प्लास्टिकमधून दिसतं, धातूमधून दिसत नाही. जाड फिलर किंवा मेटॅलिकचे थरावर थर दिले तरी त्याची नजर बिघडू शकते, म्हणून अनेक कंपन्या त्या भागात दुरुस्तीच नको म्हणतात. आमची भोकं रडारसमोरच्या भागाच्या वर होती. प्लेटचा खालचा काठ तोंडावर लोंबत नाही, हेही मोजून घेतलं. तोंड झाकलं की रेडिएटरची हवा अडते, ते वेगळंच.

ब्रॅकेटचे दोन स्क्रू आखूड घेतले, फुगणाऱ्या प्लास्टिकच्या नटात. बसवल्यावर पोराला आतून हात घालून टोक चाचपायला लावलं, बंपर अजून गाडीवर चढायचा होता. खालचा काठ दुहेरी फोम टेपने धरला. जागा आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून. ही टेप पहिल्या वीस मिनिटांत निम्मी ताकद धरते, खोलीच्या तापमानाला पूर्ण व्हायला बहात्तर तास जातात. म्हणून मी मॅडमना तीन दिवस गाडी धुऊ नका, जोरात पळवू नका असं सांगितलं. ट्रॅकसाठी प्लेट काढायची तर ब्रॅकेटला ओढायचं नाही, हीट गनने कोमट करून मासे पकडायच्या दोऱ्याने टेप करवतीसारखी कापायची. दोरा कसा धरायचा ते त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतलं.

एसी त्या दिवसापासून टिकला. पुढे सर्व्हिसला त्या आल्या तेव्हा मिस्त्रींनी मोजून बघितलं, भरलेला गॅस तेवढाच. जॉब कार्डवर मी स्क्रूंची लांबी आणि त्यांच्यामागे काय आहे, असं दोन ओळींत लिहून ठेवलं, आणि एक प्रत गाडीच्या कागदांत घातली. पुढच्या कारागिराला बंपर उतरवल्याशिवाय ते कळणार नाही.