हायड्रोजनचं पाणी : बुडबुडे बघणं सोडलं आणि थेंब मोजायला लागले

शेवटी पाण्यात हायड्रोजन किती विरघळलाय ते मोजणाऱ्या निळ्या थेंबांची बाटली आली आणि पहिल्याच संध्याकाळी माझे तीन महिन्यांचे अंदाज कोसळले. ज्या पाण्याला मी "आज मस्त झालंय, दुधासारखं दिसतंय" म्हणायचे त्यात हायड्रोजन ०.८ पीपीएम (लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम) निघाला, आणि झाकण घट्ट लावल्यामुळे बुडबुडे कमी दिसले म्हणून ज्या पाण्याबद्दल हळहळायचे, तसं पाणी परत करून मोजलं तर १.३. म्हणून या वेळची नोंद जरा सविस्तर लिहितेय.

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. हे साधं पिण्याचंच पाणी, फक्त त्यात हायड्रोजन वायू विरघळवलेला, सोड्यात कार्बन डायऑक्साइड असतो तसा. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन असतोच की, असं आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, पण तो ऑक्सिजनला बांधलेला असतो, हा मोकळा वायू. त्याला वास नाही, चव नाही, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणा) त्याने बदलत नाही, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरला तो दिसतच नाही. अल्कलाइन पाणी आणि हे पाणी एकच असं खूप जण धरून चालतात, तसं नाहीये. साध्या हवेच्या दाबाला शुद्ध हायड्रोजन २५ अंशांवर पाण्यात साधारण १.६ पीपीएमपर्यंत विरघळतो, म्हणजे लिटरभर पाण्यात १.६ मिलिग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

आमच्याकडे हे आलं सासऱ्यांमुळे. अण्णा चौऱ्याहत्तरचे, बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरात आम्ही सगळे एकत्र राहतो, आणि अण्णांना त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधून या पाण्याचं कळलं. त्यांनी विजेवर पाण्यात हायड्रोजन सोडणारी बाटली मागवली, मी मकरपुऱ्याला एका कंपनीत क्यूसी म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते त्यामुळे घरात कुठलंही मशीन आलं की "सूनबाई, हे खरंच काही करतं का बघ" ही जबाबदारी माझी. बघता बघता मला स्वतःलाच त्याचा नाद लागला.

थेंब कसे वापरायचे ते सांगते. मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग आणि त्यात प्लॅटिनमचे अगदी बारीक कण. हायड्रोजन असेल तर प्लॅटिनमच्या मदतीने तो निळ्या रंगाला बिनरंगी करतो. बरोबर ६ मिलिलिटर पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकायचा, हलकेच फिरवायचं, निळा जातो तोवर मोजत राहायचं, निळा टिकला की थांबायचं. एक थेंब म्हणजे ०.१ पीपीएम. टायट्रेशनच आहे हे, म्हणजे थेंब मोजून प्रमाण काढणं, रोज ऑफिसात करते तेच, म्हणून हात बसलेला. दोन गोष्टी मात्र सांभाळा, जोरात हलवू नका कारण हवा मिसळते आणि वायू निघून जातो, आणि लिंबू पिळलेल्या पाण्यात ही टेस्ट करू नका, व्हिटॅमिन सीसुद्धा हा निळा रंग घालवतो, मग आकडा फुगतो. तपासलेलं पाणी अर्थातच ओतून द्यायचं. ओआरपी मीटर (हायड्रोजनचं पाणी तपासायला बरेच जण वापरतात ते, मिलिव्होल्टमध्ये आकडा दाखवणारं) घ्यायचा विचार करत असाल तर माझं मत विचारा, नका घेऊ. त्याचा आकडा पीएचने पण हलतो, त्यामुळे मायनस पाचशे दिसलं म्हणजे हायड्रोजन भरपूर असं काही म्हणता येत नाही.

आता बाटली. तळाशी एक पातळ मेंब्रेन म्हणजे पडदा असतो, पीईएम म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनम लावलेल्या जाळ्या. वीज सोडली की वरच्या बाजूला हायड्रोजन पाण्यात येतो आणि ऑक्सिजन खालच्या बाजूने बाहेर जातो. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, त्यातून थोडं क्लोरीन बनलं तर तेही खालच्या बाजूलाच बनतं, म्हणून चांगल्या बाटलीला खाली वेगळी वाट असते आणि तिथे कधीकधी स्विमिंग पुलासारखा वास येतो. तो वास वरच्या पिण्याच्या पाण्याला यायला लागला तर बाटली बंद करा.

मला हे जाणून घ्यायचं होतं की बनतो किती आणि राहतो किती. तळाच्या वायरीत मीटर घालून करंट बघितला, ०.९ अँपिअर. पाच मिनिटांची सायकल. फॅरेडेच्या हिशोबाने (वीज किती वाहिली त्यावरून वायू किती बनेल ते काढायचा नियम) एवढ्यात २.८ मिलिग्रॅम हायड्रोजन तयार व्हायला पाहिजे. बाटली ३०० मिलिलिटरची, झाकण उघडं ठेवून मोजला ०.८ पीपीएम, म्हणजे पाण्यात राहिला ०.२४ मिलिग्रॅम. शंभरातले साडेआठ! बाकीचा सगळा ते सुंदर बुडबुडे होऊन वर गेला. हे गणित मी रात्री अकराला वहीत केलं आणि खरं सांगते, थोडा वेळ नुसती बसून राहिले. इतके दिवस आम्ही जे कौतुकाने बघत होतो तो पाण्यातून निघून जाणारा हायड्रोजन होता, जो पाण्यात राहिलाय तो डोळ्यांना दिसतच नाही.

मग दाबाची गोष्ट. वायूचा दाब जितका जास्त तितका तो पाण्यात जास्त विरघळतो, विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडलेला नियम, आपण शाळेत घोकलेला. त्यामुळे बाटली काठोकाठ भरायची, वर हवेला जागाच ठेवायची नाही, झाकण घट्ट, आणि सायकल संपल्यावर लगेच न उघडता दहा मिनिटं तशीच राहू द्यायची, मधे दोनदा उलटी-सुलटी करायची. एवढ्याने ०.८ चा १.३ झाला. लागोपाठ दोन सायकल केल्या तर २.१, म्हणजे त्या १.६ च्याही वर, कारण आत दाब आहे. उघडलं की फुस्स होतं आणि मग आकडा उतरायला लागतो, म्हणून उघडल्यावर प्यायचंच.

गार पाण्याने फरक पडतो का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पडतो, पण आपल्याला वाटतो तितका नाही. दहा अंशांना साधारण १.७, तीस अंशांना १.५ च्या आसपास. बडोद्याच्या मे महिन्यात माठातलं पाणी घेतलं काय आणि फ्रिजचं घेतलं काय, झाकण नीट लावलं की नाही हे त्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

फेब्रुवारीत एक गडबड झाली होती ती पण लिहिते. बाटलीचे बुडबुडे अगदीच कमी झाले, करंट ०.९ वरून ०.४ वर आला. आमच्याकडे नळाला मही नदीचं पाणी येतं पण मधे आठवडाभर बोअरचं वापरलं होतं, टीडीएस ७०० च्या पुढे. कॅल्शियम-मॅग्नेशियम मेंब्रेनमध्ये जाऊन बसतात आणि जाळीवर पांढरा थर पण धरतो. मांडवीच्या किराणावाल्याकडून लिंबूना फूल आणलं, म्हणजे आपलं सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात अर्धा चमचा, वीस मिनिटं भिजत ठेवलं, तीनदा धुतलं, आणि करंट परत ०.८५. तेव्हापासून आरओचं पाणी वापरतेय आणि दर पंधरा दिवसांनी हे भिजवणं. डिस्टिल्ड वॉटरच पाहिजे असं नाही, मेंब्रेनवाल्या बाटलीला पाण्यात क्षार नसले तरी चालतं आणि थोडे असले तरी चालतं, जास्त नकोत एवढंच.

दुसरी पद्धत मॅग्नेशियमची. मॅग्नेशियम धातू पाण्याशी भिडला की हायड्रोजन सुटतो आणि मागे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड राहतं. चोवीस मिलिग्रॅम मॅग्नेशियमला दोन मिलिग्रॅम हायड्रोजन, एवढा सरळ हिशोब. नुसती कांडी टाकली तर तिच्यावर त्याच हायड्रॉक्साइडचा थर बसतो आणि काम मंदावतं, म्हणून कांडी अधूनमधून व्हिनेगरमध्ये बुडवून काढतात, आणि गोळ्यांमध्ये म्हणूनच सोबत टार्टारिक किंवा मॅलिक ॲसिड घातलेलं असतं, ते थर विरघळवत राहतं. माझ्या मैत्रिणीने आणलेल्या गोळीच्या पाकिटावर ८० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लिहिलं होतं. म्हणजे जवळपास ८० मिलिलिटर वायू. अर्धा लिटरच्या सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत, वर दोन चमचे जागा ठेवून, झाकण आवळून ठेवलं. बाटली दगडासारखी कडक झाली. पंधरा मिनिटांनी २९ थेंब, म्हणजे २.९ पीपीएम, आमच्या घरातला आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा.

पण इथे कळकळीने सांगते, काचेच्या बाटलीत हे करू नका, आत बाहेरच्या हवेच्या दोन-तीन पट दाब तयार होतो, काच फुटली तर डोळे जातील. सोड्याची बाटली असा दाब सहन करायलाच बनवलेली असते. आणि ज्यांची किडनी नाजूक आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीचं पाणी घेऊ नये, मॅग्नेशियम साठत जातं. अण्णांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) थोडं वर असतं म्हणून त्यांना फक्त बाटलीचंच देते. शाळेच्या प्रयोगशाळेतली मॅग्नेशियमची फीत पण नको, तिच्यात अजून काय काय धातू आहेत ते आपल्याला ठाऊक नसतं.

आणि घरगुती जुगाड. दोन स्टीलचे चमचे, चार्जर, चिमूटभर मीठ. माझ्या भाच्याने उत्साहाने केलं होतं, मी लगेच थांबवलं. मीठ म्हटलं की क्लोरीन, आणि स्टील झिजून क्रोमियम, निकेल पाण्यात उतरतं, ते पाणी पिवळट होतं तो रंग त्याचाच. असं पाणी झाडांना पण घालू नका.

यावरून सोसायटीतला एक प्रसंग आठवला. माझ्या बहिणीकडे, वाघोडिया रोडला, एक जण मशीन विकायला आला, दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं, दोन्हीत सळ्या बुडवून वीज सोडली. नळाचं पाणी मिनिटात तपकिरी चिखल. सगळ्या बायका घाबरल्या, एका आजींनी तर तिथेच ॲडव्हान्स दिला. मला फार वाईट वाटलं. ती घाण पाण्यातली नसते, सळीचं लोखंड झिजून गंज उतरतो, आणि कमी क्षाराच्या पाण्यातून वीज वाहत नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं. दुसऱ्या रविवारी मी आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून दोन खिळ्यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेही तपकिरी झालं. आजींचा ॲडव्हान्स परत मिळाला, खूप बरं वाटलं.

फायद्याचं म्हणाल तर जे ठाम माहीत आहे तेवढंच लिहिते. २००७ मध्ये टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलच्या शिगेओ ओहता यांच्या गटाने उंदरांवरचा अभ्यास नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापला, तिथून या सगळ्याला वेग आला, आणि त्यात पाणी नव्हतं, वायू हुंगवला होता. पार्किन्सनवर (कंपवातावर) २०१३ मध्ये जपानात विसापेक्षा कमी रुग्णांना हे पाणी देऊन आशा वाटावी असा निकाल आला, मग १७८ रुग्णांवर ७२ आठवड्यांचा मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, आणि त्यात फरक दिसला नाही. म्हणून अण्णांच्या बीपीच्या गोळ्या जशाच्या तशा चालू आहेत आणि राहतील. अजून एक विचार करण्यासारखी गोष्ट, आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेल्या कडधान्यांतून स्वतःच हायड्रोजन बनवतात, दूध पचत नाही का हे तपासायला डॉक्टर श्वासातला हायड्रोजन मोजतात तो हाच. रविवारी सकाळी सेव-उसळ खाल्ली की संध्याकाळपर्यंत पोटात जो तयार होतो तो एका ग्लासातल्या हायड्रोजनपेक्षा सहज जास्त असेल. याचा अर्थ काय लावायचा यावर अण्णांची आणि माझी रोज चर्चा होते.

माझा भाऊ कोयलीच्या बाजूला काम करतो, तिकडे रिफायनरीत डिझेलमधलं गंधक काढायला हायड्रोजन लागतो, त्याने एकच सांगितलं, हवेत चार टक्क्यांपासून पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत हा पेटतो. आपल्या बाटलीतला वायू त्यामानाने काहीच नाही, तरी झाकण गॅसच्या शेगडीपाशी उघडायचं नाही हा नियम आमच्या ओट्यावर पाळला जातो.

साठवणीचे आकडे, सगळे १.३ ने सुरू केलेले. उघड्या उभ्या ग्लासात दोन तासांनी ०.६. पसरट वाटीत तासाभरात ०.३. माठात ओतून ठेवलं, तासाने ०.२, सच्छिद्र मातीतून आणि मोठ्या तोंडातून दोन्हीकडून गेला असणार, आणि ओततानाच किती गेला ते वेगळंच. साध्या पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत रात्रभर, सकाळी ०.५, प्लास्टिकमधून हा सरळ झिरपतो, म्हणूनच जपानात हे पाणी ॲल्युमिनियमच्या पाऊचमध्ये विकतात. एका भिंतीची स्टीलची बाटली, काठोकाठ भरून, रबरी वायसरचं झाकण, फ्रिजमध्ये चोवीस तास : १.०.

तो शेवटचा आकडा मी दोनदा घेतला, दुसऱ्यांदा थेंब अण्णांनी मोजले, चष्मा लावून, मोठ्याने, दहाव्यावर निळा थांबला. आता वायसर बदलून सिलिकॉनचा लावलाय आणि दोन दिवसांची बाटली फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यात ठेवलीय, चिठ्ठी चिकटवून, की कोणी उघडू नये. तुमच्यापैकी कोणी स्टीलमध्ये ४८ तास ठेवून मोजलं असेल तर तुमचा आकडा आणि वायसर कुठला होता ते नक्की सांगा.