भोसरीची कानस

स्टुटगार्टजवळच्या एका गावात मी एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन) बनवणाऱ्या कंपनीत आहे, म्हणजे गिऱ्हाईकाच्या पार्टप्रमाणे प्रत्येक मशीन वेगळं. भोसरीत सात वर्षं हेच केलेलं त्यामुळे वाटलं इथे काय नवीन असणार.

पहिले दोन महिने नुसता वैतागलो. पीओ, म्हणजे गिऱ्हाईकाची ऑर्डर, येऊन पडलीये आणि अजून एक प्लेट कापली नाही! सगळा वेळ कागदात. काय हवंय ते गिऱ्हाईक लिहून देतं ते लास्टनहेफ्ट, आपण ते कसं करणार ते लिहून द्यायचं ते प्फ्लिश्टनहेफ्ट (म्हणून बघा, माझी जीभ अजून अडकते). त्यात एक प्रश्न असतो, तुमच्या शेडचं गेट किती रुंद? हसू नका, भोसरीत आम्ही ट्रायल पास करून, नारळ फोडून, हार घालून एक मशीन पाठवलं आणि गिऱ्हाईकाच्या गेटातून ते आठ सेंटीमीटरने जाईना. रात्रीत भिंत फोडली, बिल अर्थात आमच्या माथी.

इथे डिझाइन पुरं व्हायच्या आधीच स्पिंडल, सर्वो असली उशिरा येणारी मंडळी बुक होतात. आम्ही पूर्ण बीओएम (लागणाऱ्या पार्टची यादी) झाल्यावर परचेसला द्यायचो आणि मग रोज सप्लायरच्या मागे.

मागच्या महिन्यात डिझाइन फ्रीज झाल्यावर कस्टमरचा फोन, अजून एक व्हेरियंट चालवायचाय, फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवणारी जोडणी) जरासं बदला. माझ्या तोंडून सवयीने "हो, करून देऊ" निघालं आणि शेजारच्या प्रोजेक्ट मॅनेजर बाईंनी पेन खाली ठेवून माझ्याकडे जे बघितलं! मग एक पानी फॉर्म गेला, क्लॅम्प बदलणार, ग्रिपर बदलणार, प्रोग्रॅम बदलणार, गार्डिंग (मशीनभोवतीचं संरक्षक कुंपण) हलणार म्हणून सीईचं, म्हणजे युरोपातल्या सुरक्षेच्या नियमांचं, रिस्क असेसमेंट परत, एवढे दिवस, एवढे युरो, सही करा. दोन दिवसांनी उत्तर, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. भोसरीत हाच बदल आम्ही फुकटात केला असता आणि वर लेट झालो म्हणून शिव्या खाल्ल्या असत्या.

पण कधी कधी डोकं फिरतं. परवा शुक्रवारी सेन्सरच्या ब्रॅकेटचा स्लॉट दोन मिलिमीटर कमी पडला. आपला फिटर चहा यायच्या आत मारून मोकळा झाला असता, इथे आधी ड्रॉइंगची रिव्हिजन, आणि डिझायनर दोनलाच घरी गेलेला. सोमवारपर्यंत थांब म्हणाले. रिव्हिजन सोमवारी रीतसर निघाली, स्लॉट मात्र शुक्रवारीच बसला होता. कानस मी पुण्याहून बॅगेतून आणलीये.