अतितिखट मिरचीचे बी रुजेपर्यंत

अतितिखट मिरची बियांपासून वाढवण्याविषयी जे सांगितले जाते, त्यात खते, कुंड्या आणि किडी यांनाच सर्वाधिक जागा मिळते. माझा जीव मात्र टांगणीला लागला तो बी रुजण्याच्या टप्प्यावर, आणि त्याबद्दल पाकिटावर एकच ओळ छापलेली होती : ‘उगवण ८ ते १० दिवसांत’. साध्या मिरचीला ती लागू पडते. कॅरोलिना रीपर किंवा ट्रिनिडाड मोरुगा स्कॉर्पियन यांसारख्या जाती मात्र कॅप्सिकम चायनेन्स या प्रजातीतल्या आहेत, आणि त्यांचे बी रुजायला दोन ते चार आठवडे सहज घेते, कधी कधी सहा आठवडेही. पाकीट छापणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. त्या एका ओळीवर विसंबून जो कोणी अकराव्या दिवशी ट्रे रिकामा करतो, तो बहुधा जिवंत बीच फेकून देतो. म्हणून त्या ओळीवरचा माझा राग अजून ओसरलेला नाही.

या विलंबाचे मुख्य कारण तापमान असते, आणि तेही हवेचे नव्हे, तर बी ज्यात पेरले त्या मिश्रणाचे. या बियांना २७ ते ३० अंश सेल्सिअसची सातत्याने ऊब लागते. २० अंशांच्या खाली उगवण अतिशय मंदावते. ओल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होत राहिल्याने ते खोलीच्या हवेपेक्षा थंड राहते, त्यामुळे भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही. मी तापमापकाची दांडी थेट मिश्रणात खोचली, ट्रेखाली तापमान नियंत्रित करणारी हीटिंग मॅट घातली आणि वर पारदर्शक झाकण ठेवले. त्यानंतर करण्यासारखे काहीच उरत नाही, आणि नेमके हेच सर्वांत अवघड असते. रोज सकाळी झाकण उचलावे, तीच तपकिरी सपाटी पाहावी आणि पुन्हा झाकावे, असे आठवडे गेले. बी उकरून पाहण्याची इच्छा अनावर होते. पण रुजू लागलेल्या बियाचे पहिले मूळ केसासारखे नाजूक असते आणि तपासणाऱ्या बोटानेच ते तुटते. जास्त पाणी घालून उगवण लवकर होईल हा समजही सोडून द्यावा, कारण चिखलात बियाला हवा मिळत नाही आणि ते कुजते. मिश्रण वाफशावर असावे : मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी निथळू नये.

एकाच पाकिटातल्या बियांचे पहिले आणि शेवटचे रोप यांत कित्येक दिवसांचे अंतर पडू शकते. म्हणून प्रत्येक कप्प्यात एकच बी, साधारण अर्धा सेंटिमीटर खोल, पेरणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. आधी उगवलेले रोप उजेडात हलवताना मागे राहिलेल्यांना धक्का लागत नाही. ज्या दिवशी वाकलेला पांढुरका कोंब दिसला, त्या दिवशी मला झालेला आनंद पुढे पहिल्या फळालाही झाला नाही. बियाचे टरफल पानांच्या टोकाला अडकून बसले, तर ते ओढू नये. पाण्याचा एक थेंब ठेवून मऊ होऊ द्यावे. रुजताना उजेडाची गरज नसते, परंतु कोंब वर येताच उजेड भरपूर लागतो, नाहीतर रोपे लांबट आणि दुबळी होतात. बंद, दमट हवेत ती बुडाशी कुजून कोलमडतात, त्यामुळे उगवण दिसताच त्या रोपांवरचे झाकण काढावे.

पुढचे सारे इतर मिरचीसारखेच झाले : खऱ्या पानांच्या (बीजपत्रांनंतर येणाऱ्या) दोन जोड्या आल्यावर कुंडीत लावणी, फुलकिड्यांसाठी पानांच्या खालच्या बाजूवर नजर, आणि कडक उन्हाळ्यात थोडी फुलगळ. फळ पूर्ण पिकायला मात्र लावणीनंतर तीन ते चार महिने लागतात. त्यामुळे बी हंगामाच्या बरेच आधी पेरावे, हे खरे तर मी सुरुवातीलाच सांगायला हवे.

पुढच्या वर्षीचे बी घरीच धरायचे असेल, तर फळधारणेपूर्वीच काही कळ्यांवर जाळीदार कापडी पिशवी बांधावी, कारण शेजारच्या वेगळ्या मिरचीशी सहज संकर होतो. फळ चिरताना हातमोजे हवेतच. गिनीज विक्रमात २०१३ साली कॅरोलिना रीपरचा सरासरी तिखटपणा १५,६९,३०० स्कोव्हिल एकके नोंदला गेला होता, आणि हे तिखट बियांत नव्हे, तर त्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरात तयार होते. बी सोडवताना हात त्याच गराला लागतो. मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन नुसत्या पाण्याने निघत नाही, म्हणून त्वचेला लागल्यास आधी तेलाने पुसावे आणि मग साबणाने धुवावे. बी सावलीत वाळवून पाकिटावर जातीचे नाव आणि वर्ष लिहावे, आणि उगवणीचा काळ लिहायचा असेल तर तो आठवड्यांत लिहावा.