वीसची की दोनशेची?

आज लेकानं बेळगावच्या गणपत गल्लीत स्वतः भाजी घेतली. मी चार पावलं मागं, तोंड बंद. (हेच सगळ्यात अवघड.)

वय 26, बौद्धिक अक्षमता. बेरीज-वजाबाकीच्या मागं आम्ही आता लागत नाही. तो अडतो 20 आणि 200 च्या नव्या नोटांपाशी. एक हिरवट पिवळी, दुसरी भडक पिवळी; दुमडलेल्या असल्या की मीही क्षणभर थबकते. म्हणून 200 ची नोट त्याच्या पाकिटात ठेवतच नाही. जांभळट 100 आणि चॉकलेटी 10 तो बरोबर ओळखतो. शिकवलंय ते इतकंच: भाव ऐक, त्याहून मोठी नोट दे, सुट्टे हातात पडेपर्यंत हलू नको.

भाजीवाल्या अक्का कन्नडमधून भाव सांगतात, वर बोटंही दाखवतात. मेथी घेऊन शंभर दिले आणि हा असा ठाम उभा, की मागच्या बाई वैतागल्या. वैतागू देत! उरलेल्या पैशात लगेच कुंदा (बेळगावची मिठाई) हवा होता साहेबांना.

यूपीआयवरून घरात वाद आहे. हे म्हणतात, शिकवूया. मला वाटतं, नोट हातातून गेलेली दिसते तरी. मोबाईलवर नुसतं टिंग वाजतं.

त्याच्या खात्यासाठी एका बँकेत गेलो तर आधी कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितलं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती ते देते, मान्य. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं स्वतःचे पैसे सांभाळायचा हक्क त्यालाही आहे, त्याचं काय? बेळगाव-खानापूर भागात कुणी अशा मुलाच्या नावानं खातं काढलं असेल तर कागदपत्रं कुठली लागली ते सांगा.