मंत्री विमानात बसण्याआधी

युरोपातल्या राजकारणावर लिहायला लागल्यापासून एक प्रश्न मला अधूनमधून हमखास येतो. परवा पुन्हा आला. "युरोपीय संघाचे नियम ब्रसेल्सला ठरतात, वाटाघाटी सरकार करतं, सह्या मंत्री करतात. मग त्या त्या देशाच्या संसदेनं करायचं काय? नुसतं मम म्हणायचं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, बरीच वर्षं माझंही उत्तर 'हो, मम म्हणायचं' असंच होतं. ते बदललं डेन्मार्कमुळे. खरं तर बेकनमुळे.

डेन्मार्क १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, दाखल झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथले कृषिमंत्री ब्रसेल्सला एका तडजोडीला होकार देऊन आले. विषय होता ब्रिटनला जाणाऱ्या बेकनचा. डुकराचं मांस विकणं हा डेन्मार्कचा जुना आणि मोठा धंदा, त्यामुळे खासदार भडकले: आम्हाला न विचारता कबूल कसं केलंत? त्या गदारोळातून त्याच वर्षी एक शिरस्ता पडला, तो आजही चालू आहे. महत्त्वाच्या विषयावर मंत्र्यानं ब्रसेल्सला जाण्याआधी संसदेच्या समितीपुढे यायचं, आपण तिथे काय बोलणार ते सांगायचं आणि परवानगी घेऊनच निघायचं.

ही परवानगी कशी मिळते ते बघण्यासारखं आहे. समितीत सतरा सदस्य. बैठक बहुधा शुक्रवारी. मंत्री तोंडी भूमिका मांडतो, मग एकेका पक्षाचा माणूस आपलं मत देतो. इथे डोकी मोजत नाहीत. १७९ जणांच्या सभागृहात ज्या पक्षाचं जेवढं बळ, तेवढं त्याच्या शब्दाला वजन. अध्यक्ष मनातल्या मनात बेरीज करतात आणि शेवटी जाहीर करतात की सरकारच्या भूमिकेविरुद्ध बहुमत नाही. नीट वाचा: 'बाजूनं बहुमत आहे' असं ते म्हणत नाहीत, 'विरुद्ध नाही' एवढंच म्हणतात. डेन्मार्कमध्ये अल्पमतातली सरकारं ही नेहमीचीच गोष्ट, त्यामुळे हा फरक शब्दांचा खेळ नाही. सरकार त्याच्यावरच उभं असतं. पुढे वाटाघाटी ठरल्या हद्दीबाहेर जायला लागल्या, की मंत्र्याला पुन्हा समितीचं दार ठोठवावं लागतं.

म्हणजे सगळं आलबेल असतं असं नाही. १९९२ साली युरोपीय संघाची स्थापना करणारा मास्ट्रिख्टचा करार डॅनिश संसदेनं मोठ्या बहुमतानं मंजूर केला, आणि २ जूनच्या सार्वमतात ५०.७ टक्के मतदारांनी तो नाकारला. समितीला पटलं म्हणून लोकांना पटतंच असं नाही. पण मंत्री काय कबूल करणार हे निदान सतरा जणांना आधी माहीत असतं. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा हे बरं.

इतर देशांच्या संसदांनाही पुढे लिस्बन करारानं, म्हणजे संघाच्या कारभाराचे नियम बदलणाऱ्या करारानं, एक हत्यार दिलं. नव्या युरोपीय कायद्याचा मसुदा हाती आल्यापासून आठ आठवड्यांत संसदांची एक तृतीयांश मतं 'हे काम आमच्या पातळीवरचं आहे' म्हणाली, तर युरोपीय आयोगाला, म्हणजे संघाचे कायदे सुचवणाऱ्या यंत्रणेला, फेरविचार करावा लागतो. याला 'पिवळं कार्ड' म्हणतात. ते आजवर फक्त तीनदा दाखवलं गेलं: २०१२, २०१३ आणि २०१६ मध्ये. त्यातला एकच, संपाच्या हक्काबद्दलचा मसुदा मागे घेतला गेला, आणि तेव्हाही संसदांचा आक्षेप आयोगानं मान्य केला नव्हताच. मला स्वतःला या कार्डाचं फार कौतुक नाही.

खरी कसोटी दाराबाहेर उभ्या असलेल्या देशांची. आत यायचं तर न्यायालयांपासून दुधाच्या तपासणीपर्यंत सगळे कायदे बदलावे लागतात, आणि ते बदलायचे संसदेनंच. क्रोएशियानं वाटाघाटी सुरू होण्याआधीच, २००५ च्या सुरुवातीला, संसदेत एक राष्ट्रीय समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे दिलं. निर्णय मतदानानं करायचे नाहीत, एकमतानं करायचे. कल्पना धूर्त होती. सरकार बदललं तरी विषयवार पाडलेल्या पस्तीस प्रकरणांच्या वाटाघाटी पहिल्यापासून सुरू कराव्या लागू नयेत, आणि उद्या सत्तेवर येणाऱ्याला 'मला ठाऊक नव्हतं' म्हणायची सोय राहू नये. या समितीच्या अध्यक्षपदी राहिलेल्या वेस्ना पुसिच २०११ च्या अखेरीस परराष्ट्रमंत्री झाल्या. १ जुलै २०१३ ला देश संघात गेला तेव्हा त्या त्याच पदावर होत्या.

पण त्याच संसदेत एक दुसरी गोष्टही चालू होती. युरोपीय कायद्याशी जुळवून घेणाऱ्या विधेयकांच्या क्रमांकाआधीच्या अक्षरांत एक जादा 'ई' लागे. तो 'ई' असला, की तातडीच्या प्रक्रियेची वाट मोकळी: पहिलं आणि दुसरं वाचन एका दमात. एकीकडे वाटाघाटींवर बारीक नजर, दुसरीकडे त्यांतून निघालेले कायदे धडाधड पुढे. खासदारांनी यांतली किती विधेयकं शेवटच्या पानापर्यंत वाचली असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता युक्रेन. जून २०२४ मध्ये तिथल्या वाटाघाटी रीतसर सुरू झाल्या. त्यांच्या संसदेत युरोपीय एकीकरणासाठी खास समिती आहे. विधेयकं युरोपीय कायद्याशी जुळतात का, हे ती तपासते. तरी २२ जुलै २०२५ ला काय झालं बघा. युद्धकाळात बेपत्ता झालेल्यांच्या तपासाबद्दलचं एक विधेयक होतं. त्यात ऐनवेळी दुरुस्त्या घुसवल्या गेल्या आणि भ्रष्टाचारविरोधी तपाससंस्था व विशेष अभियोक्ता कार्यालय, दोन्ही महाअभियोक्त्याच्या, म्हणजे देशाच्या सर्वोच्च सरकारी वकिलाच्या, मुठीत आली. या दोन संस्थांची स्वायत्तता म्हणजे युरोपनं मागितलेल्या सुधारणांचा कणा. २६३ मतांनी ते मंजूर झालं आणि राष्ट्राध्यक्षांची सही त्याच दिवशी पडली.

ज्या सभागृहानं सुधारणांची राखण करायची, त्यानंच दिवसाउजेडी कुंपण खाल्लं.

३१ जुलैला त्याच सभागृहानं तो कायदा फिरवला. बाजूनं ३३१ मतं, विरोधात एकही नाही. मधल्या नऊ दिवसांत त्या कायद्यात कुणाला नवीन कलम सापडलं नव्हतं. ब्रसेल्सहून नाराजी कळवली गेली होती, आणि कीव्हच्या रस्त्यांवर रोज संध्याकाळी पुठ्ठ्यांवर हातानं लिहिलेले फलक घेऊन तरुण मुलं उभी राहत होती.