पाकिटातलं पाकीट

नोकरीला लागले तेव्हा मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयात मी बारनिशीवर, म्हणजे आवक-जावक टपालाच्या नोंदीवर होते. गोपनीय कागद पाठवायचा तर दोन पाकिटं लागत. आतल्यावर ‘गोपनीय’चा लाल शिक्का आणि जोडावर लाखेचं सील. बाहेरचं पाकीट साधं, नुसत्या पत्त्याचं. नेणाऱ्या शिपायाला आत काय आहे ते कळायचं नाही, पण उघडणाऱ्याला उघडण्याआधीच कळायचं.

ईमेल आला आणि लाख गेली. तिच्याबरोबर ही रीतही गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन वर्षांपूर्वी एका सहकारी बाईंच्या लैंगिक छळाच्या तक्रारीचा चौकशी अहवाल मेलने निघाला. पाठवणाऱ्याने पत्त्याची पहिली दोन अक्षरं टाइप केली, खाली नाव सुचवलं गेलं, त्याने एंटर दाबलं. अहवाल साहेबांऐवजी अख्ख्या शाखेच्या ग्रुपवर गेला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदाराची ओळख उघड करायला मनाई करतं. इथे चाळीस जणांनी ती जेवणाच्या सुट्टीआधीच वाचली. बाईंनी डबा उघडलाच नाही. मी त्यांच्याबरोबर सीएसएमटीपर्यंत चालत गेले. वाटेत दोघीही काही बोललो नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारी मेलला वर्गीकरणाची, म्हणजे मजकूर किती गोपनीय ते सांगणारी खूण लावावी लागते. ती विषयाच्या ओळीत किंवा मेलच्या न दिसणाऱ्या शीर्षभागात जाते, आणि सर्व्हर ती वाचून चुकीच्या जागी निघालेली मेल अडवू शकतो. मला हवं आहे ते हेच. नुसतं ‘गोपनीय’ लिहून काही होत नाही. ते यंत्राला वाचता आलं पाहिजे. अमेरिकी लष्कराच्या मेल-पत्त्याच्या शेवटी असलेल्या ‘डॉट मिल’मधला ‘आय’ टाइप करायचा राहून लाखो मेल आफ्रिकेतल्या माली देशाच्या ‘डॉट एमएल’वर गेल्या, हे २०२३ मध्ये उघड झालं. माणसाचा हात चुकणारच.

आपल्याकडे टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल, रिस्ट्रिक्टेड अशा गोपनीयतेच्या चार पायऱ्या आहेत. ब्रिटनने २०१४ मध्ये सहाच्या तीन केल्या. मला ते पटतं, कारण पायऱ्या जास्त झाल्या की लोक अंदाजाने कुठलीही लावतात. आणि भीतीपोटी सगळ्यावरच ‘गोपनीय’ मारणं तर त्याहून वाईट. खरा गोपनीय कागद त्या ढिगात हरवतो. शिवाय शिक्का आहे म्हणून माहिती अधिकारात कागद नाकारता येत नाही, २००५ च्या कायद्याचं कलम ८ बघावंच लागतं. नव्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते.

आमच्या कक्षात आता मेल लिहिताना वर्गीकरण आधी, मजकूर नंतर आणि पत्ता सगळ्यात शेवटी. जोडलेल्या फाइलचा पासवर्ड फोनवर सांगायचा.

त्या बाई बदलून गेल्या, पण प्रकरण अजून सुरू आहे. त्यांच्या नस्तीतला कागद मी मेलने पाठवत नाही. दोन पाकिटं करते, आणि शिपायाच्या हाती न देता स्वतः पोचवून पोच घेते.