बेन्झ पेटंट मोटरवॅगन, १:८ : आडवे फ्लायव्हील जागेवर बसले

कार्ल बेन्झ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी मोटारीची प्रतिकृती आता आकार घेऊ लागली आहे. पितळी नळ्यांचा सांगाडा चांदीचा डाख देऊन पक्का झाला असून त्यावर मागच्या बाजूस फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणारे जड चाक, बसले आहे. २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या यंत्रासाठी बेन्झ यांनी पेटंटचा अर्ज केला, त्याचे सारे मर्म मला या चाकात दिसते.

हे चाक आडवे फिरते. ते उभे ठेवले तर त्याच्या वेगामुळे वळण घेताना गाडी दाद देणार नाही, अशी बेन्झ यांना शंका होती. म्हणून त्यांनी क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या मागेपुढे होण्याने फिरणारा इंजिनाचा दांडा) उभा ठेवला आणि बेव्हल गिअरच्या (शंकूच्या आकाराच्या दातेरी चाकांच्या) जोडीने त्याची गती काटकोनात वळवून पट्ट्याच्या कप्पीपर्यंत नेली. ही जोडी जुळवण्यातच माझा सर्वाधिक वेळ गेला. दात घट्ट भिडले की चाक अडते आणि सैल राहिले की खडखडते. शेवटी दातांच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी धरून बेअरिंग आवळले आणि मग ती ओढून काढली, तेव्हा चाक बोटाच्या हलक्या धक्क्यानेही फिरू लागले.

मूळ इंजिन एका सिलिंडरचे, ९५४ घन सेंटिमीटरचे होते आणि मिनिटाला सुमारे ४०० फेऱ्यांवर जेमतेम पाऊण अश्वशक्ती देत असे. त्याच वर्षी डाइमलर आणि मायबाख या जर्मन अभियंत्यांनी घोडागाडीवर इंजिन चढवले; बेन्झ यांनी मात्र सांगाडा, इंजिन, पट्टा, डिफरन्शियल (वळणावर मागची दोन चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) आणि साखळ्या यांचा एकत्र विचार केला, आणि म्हणूनच मला त्यांचे काम अधिक मोलाचे वाटते. पुढे एकच चाक असण्यामागेही कारण होते: पुढची दोन चाके वेगवेगळ्या कोनांत वळवण्याचा समाधानकारक उपाय त्यांना १८९३ च्या सुमारास सापडला.

कार्ल यांच्या पत्नी बेर्था बेन्झ यांनी ऑगस्ट १८८८ मध्ये मानहाइमहून फोर्झहाइमला जाताना वाटेत ब्रेकला चामडे लावून घेतले होते. परंतु ती गाडी नंतरच्या, सुधारित नमुन्याची असल्याने तो तपशील या प्रतिकृतीत घेणार नाही.

आता मागच्या चाकांच्या साखळ्या करावयाच्या आहेत. इतक्या लहान मापाची साखळी कोणी घरी केली असेल, तर कड्यांची छिद्रे एकसारख्या अंतरावर पाडण्यासाठी जिग (काम ठरलेल्या जागी धरून ठेवणारा साचा) कसा बनवला, ते कृपया सविस्तर कळवावे.